धम्मपालचं शोधायचं बटण

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५. सकाळी पोहे. स्वयंपाकघरातला नळ गळतोच आहे. खाली बादली ठेवली. दुपारी वरचा धम्मपाल लॅपटॉप घेऊन आला. चेहरा उतरलेला.

एवढं लिहून अरुंधतीबाईंनी पेनाला टोपण लावलं. धम्मपाल समोरच बसला होता.

चाकणच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला जाणाऱ्या या माणसाला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या सोसायटीसाठी त्याने हौसेनं वेबपान केलं होतं. प्लंबर, रक्तगट, पाण्याच्या वेळा, तक्रारी, सगळं एकाच लांबलचक पानावर. त्यात कुणाला काही सापडेना. शेवटी अध्यक्ष मारुतराव म्हणाले, “मंगळवारच्या बैठकीत शोधायचं बटण दाखवा, नाहीतर पान बंद.” धम्मपालने नेहमीप्रमाणे मान डोलावली.

“कंट्रोल आणि एफ दाबलं की ब्राउझरची शोधपट्टी येते. तूच शिकवलंस ना मला?”

“मारुतरावांना बटणच हवंय, काकू. म्हणून पान चालवणाऱ्या जावास्क्रिप्टला म्हटलं, त्या दोन कळा तू दाब. ती दाबल्याचं सोंग करते, ब्राउझर ढुंकून बघत नाही. त्याला खरं बोट लागतं.”

“बरोबरच आहे. पाहुण्याने यजमानाच्या कपाटाला हात लावू नये.”

“मग पानावर माझीच चौकट केली. शब्द दिला की ब्राउझर तो पानावर शोधतो, एवढं तरी जावास्क्रिप्टला करता येतं. लिहून बघा.”

अरुंधतीबाईंनी चौकटीत ‘प्लंबर’ लिहून बटण दाबलं. ब्राउझरने त्यांनी नुकताच लिहिलेला ‘प्लंबर’ त्याच चौकटीत रंगवून दाखवला.

त्यांना हसू आवरेना. “हे अगदी आमच्या ह्यांच्यासारखं. चष्मा शोधून द्या म्हटलं, की माझ्या नाकावरचाच दाखवायचे.”

धम्मपाल हसला नाही. बैठकीला तासभरच उरला होता.

“चौकट पानावर ठेवतोस कशाला? कॉन्व्हेंटमध्ये आम्ही चिठ्ठी वाचली की लगेच फाडायचो. सिस्टरला काय सापडणार?”

तो खाली मान घालून टाइप करू लागला. आता बटण दाबलं की छोटी खिडकी ‘काय शोधू?’ विचारायची आणि उत्तर घेऊन नाहीशी व्हायची. पान सरकत खाली गेलं आणि ‘प्लंबर: भिमाजी’ या ओळीवर थांबलं. अरुंधतीबाईंनी तिथल्या तिथे भिमाजीला फोन लावला.

बैठकीत मारुतरावांनी सगळ्यांदेखत आधी स्वतःचंच नाव शोधलं. ते पार्किंगच्या तक्रारींत सापडलं.

“बटण चालतंय,” मारुतराव घसा खाकरत म्हणाले. “पान राहू द्या. तक्रारींचं तेवढं बघा, धम्मपालराव.”

धम्मपालने मान डोलावली.

संध्याकाळी घरी आल्यावर अरुंधतीबाईंनी दुपारच्या मजकुराखाली लिहिलं: भिमाजी येऊन गेला. नळाचा वायसर बदलला. बादली मोरीत ठेवली.