खालचा सूर

मंगळवार पेठेत गौरीच्या झिम्म्यात लाटव्हियाहून आलेली एक पाहुणी घामाघूम होऊन नाचत होती. इंग्रजी येतं म्हणून मला दुभाषी केलं होतं; एरवी गल्लीत माझा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता.

"पावणं, आता तुमचं गाणं म्हणा की!" बायका ओरडल्या.

ती मला म्हणाली, "आमचं गाणं एकटीचं नसतं. एक जण ओळी म्हणते, बाकीच्या खाली एकच सूर धरतात. परक्यांच्या राज्यातही असंच गात राहिलो, म्हणून आम्ही उरलो."

मग ती माझ्याकडे बघत थांबली. सुराशिवाय सुरुवातच करेना! चारचौघांत मी कधी गायले नव्हते. तिनं माझा तळहात स्वतःच्या छातीवर ठेवून सूर गुणगुणला. मी डोळे मिटून तो धरला. त्यावर तिचं गाणं उसळलं, आणि बघता बघता सगळ्या बायकांनी सूर धरला.

गाणं संपताच शेजारच्या काकू माझ्याकडे बोट दाखवून ओरडल्या, "अगं बया! ही पोरगी मुकी न्हाय की!"