वहीतले पंचवीस मिलिलीटर

मास्टर्सच्या दुसऱ्या वर्षी मी हार्लेममध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होते आणि ट्रेनने अॅमस्टरडॅमला विद्यापीठात जात होते. विषय अॅनालिटिकल केमिस्ट्री. पुण्यात बी.एस्सी.ला आम्ही बाराजणी एका टेबलाभोवती ब्युरेट धरून दंगा करायचो. इथे एक मशीन, एक संगणक आणि मी.

काम असं होतं: फुलांच्या शेतांलगतच्या चरांमधलं पाणी बाटल्यांत भरून आणायचं आणि त्यात कीटकनाशक किती आहे ते मोजायचं. सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत बाटल्या आणि समोरून वारा. एखादा शेतकरी लांबून हात करायचा. कधीकधी दिवसभरात माझ्याशी कुणी साधलेला संवाद तेवढाच असे.

लॅबमधली यंत्रं एक डच गृहस्थ सांभाळायचे, साठीला टेकलेले. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. त्यांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला जमेना, म्हणून मी हाकच मारत नसे. ते वळून बघेपर्यंत दाराशी उभी राहायची.

डिसेंबरात माझ्या गाइड मॅडमनी विभागाच्या मीटिंगमध्ये माझा आलेख दाखवला. त्या म्हणाल्या, "छान काम झालंय." मी आलेखाचा फोटो आईला पाठवला. तिने विचारलं, "हे डोंगर कसले गं?"

फेब्रुवारीत मानक द्रावण नव्याने बनवलं. मानक द्रावण म्हणजे आमची मोजपट्टी. त्यात कीटकनाशक किती आहे हे आधीच माहीत असतं आणि चरातलं पाणी त्याच्याशी ताडून बघायचं. खात्रीसाठी फ्रीझरमधलं जुनं पाणी पुन्हा मोजलं, तर आकडा आधीच्या निम्माच आला. नवं द्रावण चुकलं असेल म्हणून परत बनवलं. पुन्हा निम्मा. मग जुन्या द्रावणाची बाटली काढली आणि मोजपात्रात ओतली. एकतीस मिलिलीटर भरलं. सप्टेंबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, पंचवीस मिलिलीटर बनवलं. पाच महिने वापरूनही पंचवीसातले एकतीस उरत नाहीत. मी पन्नासचा फ्लास्क घेतला होता आणि लिहिताना पंचवीस लिहिलं होतं. द्रावण मला वाटत होतं त्याच्या निम्मंच तीव्र होतं आणि माझे सगळे आकडे दुप्पट.

लॅबमध्ये तेव्हा कुणी नव्हतं. ते द्रावण टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये ओतलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तसा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू? मी बाटलीचं झाकण लावलं आणि ती परत फ्रिजमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. घरी फोन लावला तर मावसबहिणीच्या लग्नाच्या साड्या पलंगभर पसरलेल्या. फोन या हातातून त्या हातात फिरला. शेवटी आई म्हणाली, "आवाज का असा येतोय तुझा?"

"सर्दी झालीये."

"वाफ घे. आणि केस ओले ठेवू नकोस."

"हो," म्हटलं आणि फोन ठेवला. उरलेला दिवस कुणाला सांगता येईल याचा विचार करत बसले. एकही नाव सुचलं नाही.

सोमवारी त्या गृहस्थांच्या दाराशी उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली उजेडात धरली, वही चाळली.

"सगळ्याला दोनने भागलं तर?" मी विचारलं.

"तुला नक्की माहीत आहे फ्लास्क पन्नासचाच होता?"

"दुसरं काय असणार?"

"'असणार' हे काही मोजमाप नाही," ते म्हणाले. रागावले नव्हते, समजूतही घातली नाही. "पुन्हा कर. मॅडमना आजच सांग."

मॅडमनी कॅलेंडर उघडलं. मग म्हणाल्या, "जुलैपर्यंत तुझं संपणार नाही मग." बस, इतकंच.

फ्रीझरमधलं पाणी पुरेसं उरलं नव्हतं, त्यामुळे तीच शेतं, तेच चर पुन्हा. जुलैत माझ्या वर्गातले सगळे पास झाले. एक जण आइंडहोवनला नोकरीला लागला, बाकीचे आपापल्या देशी गेले. आमच्या ग्रुपवर महिनाभर फोटो आले, मग तेही थांबले. कँटीनमधल्या आमच्या टेबलावर नवी मुलं बसू लागली. मी डबा लॅबबाहेरच्या बाकावर खाऊ लागले.

नोव्हेंबरात माझं सादरीकरण झालं. समोर सात माणसं होती, त्यांत माझं म्हणावं असं कुणी नाही. परीक्षकांनी विचारलं, "गेल्या वर्षी दाखवलेल्या आकड्यांच्या निम्मे का?" मी सांगितलं. फ्लास्क, वही, सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पास झाले. हात मिळवून झाल्यावर पाच मिनिटांत जो तो कामाला लागला. मी काचेची भांडी धुतली, कप्पा रिकामा केला, किल्ली परत दिली.

हार्लेमला उतरल्यावर एक केक घेतला. सगळ्यात लहान होता तोही चौघांना पुरेल एवढा. तो घेऊन खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंचं दार वाजवलं. वर्षभरात मी त्यांच्याशी कचऱ्याच्या डब्यांपलीकडे काही बोलले नव्हते.

"वाढदिवस?" त्यांनी विचारलं.

"नाही. पास झाले."

त्या क्षणभर माझ्यामागे कोणी आहे का ते बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत ये," आणि दोन बशा काढल्या.