मोकळ्या ट्रॅक्टरचा ब्रेक

"वस्ताद, ब्रेक धरंना झालाय," असं म्हणत शिवराज ट्रॅक्टरवरून उतरला. उसाचा सीझन ऐन भरात होता. भरलेल्या दोन ट्रॉल्या त्याने रस्त्याकडेला सोडल्या होत्या. कारखान्याच्या रांगेतला नंबर जाईल म्हणून तो सारखा मोबाइल बघत होता.

भालकीत माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. ब्रेकचं काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो. शिवराजच्या ब्रेक प्लेटा पार झिजल्या होत्या. नव्या टाकल्या, पेडल अ‍ॅडजस्ट केलं. मग इकडचे सगळे मिस्त्री घेतात तशी टेस्ट घेतली. ट्रॅक्टर मोकळाच पळवायचा, ब्रेक दाबायचा आणि रस्त्यावरची टायरची काळी रेघ गिऱ्हाइकाला दाखवायची. ट्रॅक्टर दहा फुटांत थांबला. मीच खूश झालो.

शिवराजने रेघ बघितली. "ट्रॉल्या जोडून बगू का एकदा? पुढं उतार हाय."

"आरं, ब्रेक त्योच, पाय तुजाच. कामून टाइम घालवायलास? तिकडं नंबर जायलाय तुजा."

"तुमी म्हणलाव म्हणल्यावर झालं," म्हणाला. ट्रॉल्या जोडून गेला.

आता थोडं फिजिक्स सांगतो. दहावीला मी घोकलं होतं, बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. त्वरण म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते. गाडी थांबते तेव्हाही वेग बदलतच असतो. ब्रेकची ताकद जेवढी आहे तेवढीच राहिली आणि वजन दहापट झालं, तर वेग कमी व्हायचा झपाटा दहावा हिस्सा उरतो. मोकळा ट्रॅक्टर दोन टनांचा. उसाच्या दोन ट्रॉल्या धरून वीस टन, आणि त्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नव्हते. म्हणजे त्याच वेगात, सपाट रस्त्यावर, दहा फुटांचे शंभर फूट. उतारावर त्याहून जास्त. हे सूत्र मला झोपेतही म्हणता आलं असतं. त्या दिवशी जागेपणी आठवलं नाही.

तासाभरात त्याच्या भावाचा फोन आला. उताराखाली वळणावर एक बैलगाडी आडवी आली होती. नव्या ब्रेकच्या भरवशावर शिवराज नेहमीपेक्षा जोरात उतरत होता. त्याने ब्रेक दाबला. मागच्या वजनाने ट्रॅक्टर ढकलत नेला आणि आडवा फिरवला. बैलगाडी वाचली. शिवराज सीटवरून घसरला आणि त्याचा डावा पाय ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या दांडीमध्ये सापडला. बिदरला नेलं, पण गुडघ्याच्या वर कापावा लागला.

आठवड्याने मी दवाखान्यात गेलो. त्याची बायको उठली, मला स्टूल दिलं, चहा मागवला. त्या पाहुणचारानेच मला जास्त लाज वाटली.

शिवराजच बोलला. "वस्ताद, तुमी मनाला लावून घेऊ नका. ब्रेक पक्का लागला व्हता. माजंच नशीब फुटकं."

"व्हय," मी म्हणालो.

नशिबाचा काही संबंध नव्हता. त्याने बरोबर विचारलं होतं आणि मी त्याला गप्प केलं होतं, एवढं सांगायला पाच वाक्यंही लागली नसती. मी चहा पिऊन उठलो. आजही ते सांगितलेलं नाही. त्याने ट्रॅक्टर विकला. आता घरी बसून असतो, आणि ब्रेकचं काम निघालं की गावातल्या लोकांना माझ्याकडेच पाठवतो.

आता मी भरलेल्या ट्रॉल्या जोडूनच टेस्ट घेतो. अर्धी गिऱ्हाइकं कटकट करतात, काही दुसऱ्या गॅरेजला जातात. जाऊ देत. वजन न जोडता ब्रेक पास करणाऱ्याला सूत्र पाठ असून काही उपयोग नसतो. शिवराजने पाठवलेलं गिऱ्हाईक आलं, की मला त्याच्या तोंडाकडे बघवत नाही.