विशालाक्षीने ब्रँडीत मुरवलेली फळं

शिवणाच्या वर्गात मुलींना काज करायला शिकवताना विशालाक्षी मधेच खिडकीबाहेर बघत राही. मशीनचं चाक थांबे, सुई कापडात तशीच रुतून राही आणि मुली आपसात हसत. तंजावुरातल्या त्या शाळेत हे सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. मुख्याध्यापिका अरुळमेरी टीचर कधी रागावत नसत. दारावरून जाताना हळूच विचारत, "विशालम, कुठवर पोचलीस?"

टीचर निवृत्त झाल्या आणि चार वर्षांनी, १९९४ च्या जूनमध्ये, त्यांनी विशालाक्षीला घरी बोलावलं. त्यांचे हात आता थरथरत. कॉफीचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे. कोपऱ्यातल्या मोठ्या काचेच्या बरणीकडे बघत त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "नाताळच्या केकसाठी दरवर्षी मी हिच्यात फळं मुरवते. आईनं शिकवलेलं आहे. यंदा सुरी धरवत नाही. तू करशील?"

"करीन की. पाकात मुरवायची?"

"ब्रँडीत."

 तो वास विशालाक्षीला चांगला ओळखीचा होता. तिचा नवरा रघोजी जवळच्याच पापनाशम गावी भातखरेदीच्या कचेरीत होता. एके काळी तो रोज पिऊन घरी येई. अकरा वर्षांपूर्वी, पाच वर्षांच्या लेकीला, संगीताला, सायकलच्या दांड्यावर बसवून तो झोकांड्या देत निघाला आणि सायकलसकट कालव्यात गेला. शेतात भाताची लावणी करणाऱ्या एका बाईनं पोरीला वर ओढलं. त्या दिवसापासून रघोजीनं थेंबाला स्पर्श केला नव्हता.

टीचरना हे ठाऊक नव्हतं. "उद्या सांगते," एवढंच बोलून ती परतली.

घरी तिनं रघोजीला सगळं सांगितलं.  त्यानं विचारलं, "बाटली कोण आणणार?"

"सांगतील टीचर कुणाला तरी."

"नको. मी आणतो."

"अहो, कशाला उगीच?"

"दुसऱ्या कुणी आणली तर मज कधी कळायचं नाही, मी आणू शकलो असतो की नाही ते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. दुकान दहा मिनिटांवर होतं. त्याला तासाहून जास्त वेळ लागला. विशालाक्षी ओसरीवर बसून रस्त्याच्या वळणाकडे बघत होती. शेवटी तो आला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "तीन वेळा दुकानावरून पुढे गेलो." बाटलीचं सील शाबूत होतं.

टीचरना होकार देऊन घरी आणलेली बरणी कपाटात ठेवून कुलूप लावावं, असं तिनं ठरवलं होतं. रघोजीनं मान हलवली. "कुलूप लावलंस तर दिवसभर मी किल्लीचाच विचार करीन. खिडकीपाशी ठेव. दिसू दे."

टीचरनी सांगितल्याबरहुकूम तिनं बरणी पाण्यात उकळली, उन्हात कोरडी केली. आंब्याच्या फोडी टाकल्या, वर साखर नि चार लवंगा पेरल्या आणि फळं बुडेपर्यंत ब्रँडी ओतली. फोडी वर तरंगू नयेत म्हणून एक छोटी बशी पालथी घालून दाबून ठेवली. जुलैत फणसाचे गरे आले, ऑगस्टमध्ये अननस, त्यानंतर काळी द्राक्षं. ज्या त्या मोसमाचं फळ त्याच बरणीत जात होतं. सकाळचं ऊन खिडकीतून आलं की बरणी आतून पेटल्यासारखी दिसे आणि समोरच्या भिंतीवर मधाच्या रंगाचा एक डाग हलत राही. विशालाक्षी केस विंचरता विंचरता त्या डागाकडे बघे. तिला वाटे, आत एक पाण्याखालचं गाव आहे. पिवळी घरं, जांभळे दिवे, कुणालाच कुठं जायची घाई नाही. वास मात्र बदलत चालला होता. पूर्वी ज्या वासानं ती तोंड फिरवी, त्यात आता आंबा होता, लवंग होती, देवळातल्या दुपारच्या गाभाऱ्यासारखं काहीतरी होतं. आपल्याला तो आवडू लागलाय, हे तिनं कुणाला सांगितलं नाही.

ऑक्टोबरात एकदा शाळा दुपारीच सुटली. अंगात कसर म्हणून रघोजी घरीच होता. ती आत आली तर तो बरणीपुढे उभा. झाकण उघडं, हातात लांब चमचा, चमचा ओला.

तिची पिशवी खांद्यावरून घसरली.

"बशी सरकली होती," तो म्हणाला. "द्राक्षं वर आली होती. बुरशी धरली असती. दाबून बसवली."

तिची नजर ओल्या चमच्यावरच होती.

"विचार ना. विचारत का नाहीस?"

"प्यालात?"

"नाही."

तिनं त्याच्या हातातला चमचा घेतला, धुतला, जागेवर ठेवला. त्याचं म्हणणं तिला खरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याच्याजवळ जाऊन श्वास हुंगून पाहिला नाही.

नाताळच्या आठवडाभर आधी बरणी टीचरच्या घरी पोचली. टीचरनी एक अननसाचा तुकडा तोंडात घातला आणि डोळे मिटून बसून राहिल्या. "आईच्या हातचंच," म्हणाल्या. मग आंब्याच्या फोडीसकट एक चमचा विशालाक्षीपुढे धरला. तिनं आयुष्यात पहिल्यांदा चव घेतली. रघोजी बाजूच्या खुर्चीवर केळं सोलत बसला होता.

परत येताना दोघं चालत निघाली. कालव्याच्या पुलावर आल्यावर त्यानं विचारलं, "कशी लागतात?"

ती थांबली. "आधी जीभ पोळते. मग वाटतं, आंबा पिकून पिकून स्वतःलाच विसरलाय. गिळल्यावर छातीत गरम वाट उतरत जाते, आणि बऱ्याच वेळानं, सगळं संपल्यावर, पुन्हा आंबा येतो."

"आणि फणस?"

"फणस खाल्लाच नाही की!"

रघोजी मोठ्यानं हसला. "मग मागं फिर. अर्धवट सांगितलेलं मज चालायचं नाही."

आणि खरंच, दोघं मागं फिरली.