सव्वा महिन्याचा सौदा

अकोल्याच्या ज्या डॉक्टरनं माझ्या मुलीला जगवलं, त्यानंच मला फसवलं. खोटं तो एकही बोलला नाही. माझ्याशी घासाघीस करायला बसला, हरला, आणि माझ्या मुलीचा एक डोळा गेला.

मी कपड्यांचा धंदा करते. ब्लाउजपीसचं गाठोडं घेऊन दारोदार फिरण्यापासून सुरुवात केली, आता जठारपेठेत लहान मुलींच्या फ्रॉकचं स्वतःचं दुकान आहे. अमरावतीचे ठोक व्यापारी मला येताना पाहिलं की आधी पाणी पितात. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. हे मीच आधी सांगून टाकते, कारण पुढे डॉक्टरनं तेच माझ्या तोंडावर मारलं.

माझी आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. ही तिसरी सातव्या महिन्यातच बाहेर आली, अकराशे ग्रॅमची. दुकानातला सगळ्यात लहान फ्रॉक तिच्यावर टाकला असता तर ती सापडली नसती. काचेच्या पेटीत, नाकात नळी. मी पेटीशेजारी स्टुलावर बसून मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा बघत राहायचे. आकडा उतरू लागला की नर्स येऊन तिच्या तळपायावर टिचकी मारायची, मग पोर परत श्वास घ्यायची. दिवसातून पाच-सहा वेळा तरी.

एकोणतिसाव्या दिवशी डॉक्टर म्हणाला, “आता घरी न्या. आणि चार दिवसांत अमरावतीला जाऊन हिचे डोळे तपासून आणा. आपल्याकडे ती सोय नाही.”

सासू माझ्या बाजूलाच होती, नवरा दाराशी. ती म्हणाली, “सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर नाई जात, डॉक्टरसाहेब. अन् पेटीतले दिवस आमी नाई धरत. घरी आली तवापासून मोजतो.”

एरवी मी असलं काही मानत नाही. दुकानाचं शटर मी अमावास्येला उघडलं होतं. पण दोन बाळं गेल्यावर मला वाऱ्याची भीती वाटायची, शेजारणीच्या नजरेची वाटायची, कोणी रस्त्यात खोकलं तर त्याचीही वाटायची. सासूचा सव्वा महिना मला भिंतीसारखा वाटला. तिच्या आड पोर वाचेल. म्हणून बोलणं मी माझ्या हातात घेतलं.

“सव्वा महिना झाला का नेतो, साहेब.”

“फार उशीर होईल. आठ दिवसांत जा.”

“आठ दिवसांत डोळे काय पळून जातात? एवढीशी पोर गाडीत टाकून दोन तास नेऊ? मूर्तिजापूरपाशी श्वास थांबला तर तुमी येसान काय टिचकी माराले?”

“बरं, पंधरा दिवस.”

“सव्वा महिना. एक दिवसही आधी नाही.”

माझा आवाज चढला होता. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावू लागली. त्यानं घड्याळ पाहिलं, पेन उचललं. “ठीक आहे बाई, सव्वा महिन्यानं जा. पण जा नक्की. सगळ्याच कमी दिवसांच्या बाळांची करून घेतो आपण ही तपासणी.” डिस्चार्ज कार्डाच्या मागे इंग्रजीत काहीतरी खरडलं आणि नवऱ्याची सही घेतली. सासूनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मलाही वाटलं, जिंकले.

ते चाळीस दिवस मी एका खोलीत काढले. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एक मंद दिवा. पोर माझ्या उघड्या छातीवर बांधलेली, कारण तिला स्वतःची ऊब धरता येत नव्हती. चमच्यानं थेंब थेंब दूध. दर थोड्या वेळानं मी तिच्या नाकाखाली बोटाची मागची बाजू धरायचे. तिचा श्वास बोटाला लागला की माझा श्वास सुटायचा. घशात दूध अडकेल, झोपेत निळी पडेल, याच भीतीत मी होते. डोळ्यांचा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. त्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांतलं काही बिघडलेलं कोणाला दिसलंही नसतं. त्याच चाळीस दिवसांत आमची गाडी माल आणायला दोनदा अमरावतीला जाऊन आली. मागची सीट फ्रॉकच्या गठ्ठ्यांनी भरून आली.

सव्वा महिना संपला त्या सकाळी न्हाऊ घालून मी तिला ओसरीवर आणलं. उन्हाची तिरीप सरळ तिच्या तोंडावर पडली. तिनं डोळे बारीक केले नाहीत. मी तिला फिरवून पुन्हा उन्हाकडे धरलं. पुन्हा तेच. सासू म्हणाली, “झोपेत असन.” पण पोर जागी होती, तोंड हलवत होती. तासाभरात आम्ही अमरावतीच्या रस्त्याला लागलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “ताई, इतके दिवस काय करून राहिल्या होत्या?”

डाव्या डोळ्याचा आतला पडदा सुटून गेला होता. उजव्याचा कडेनं सुटू लागला होता, त्याला त्याच दिवशी लेझर केलं. मी विचारलं, कधी आणायला पाहिजे होतं? “महिन्याच्या आत. फार तर आणखी चार दिवस.”

म्हणजे अकोल्याच्या डॉक्टरनं पहिल्यांदा सांगितलेले तेच चार दिवस.

अकोल्याला परतल्यावर मी पोरीला घेऊन सरळ त्याच्या केबिनमध्ये शिरले, नवरा मागोमाग. त्यानं शांतपणे माझ्या हातातलं कार्ड घेऊन उलटून दाखवलं. लिहिलं होतं: डोळ्यांच्या तपासणीचा सल्ला दिला, पालकांनी नकार दिला. खाली माझ्या नवऱ्याची सही. मालाच्या पावतीवरचं शब्दन्‌शब्द वाचणारी मी, ते कार्ड मी उलटूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

“नकार कोणी दिला? तुमी ‘ठीक आहे’ म्हणलं!”

“तुम्ही ऐकत होत्या का, बाई? सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता तुम्ही. तुमच्याशी कोण वाद घालणार?”

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. नवऱ्यानं मनगट धरलं म्हणून तो डॉक्टर वाचला.

आता मुलगी सहा वर्षांची आहे. कमी दिवसांची म्हणून डावा पाय ताठ असतो, भिंत धरून चालते. झटक्यांचं औषध दोन वेळा. उजव्या डोळ्यानं, जाड भिंगातून, वस्तू नाकाला लावली की दिसते. माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती आवाजावरून ओळखते आणि माझ्यापेक्षा चांगला भाव सांगते. अमरावतीला दर सहा महिन्यांनी जातो. दर वेळी डॉक्टरीणबाई तेच सांगतात: हिच्या डोक्याला मार लागू देऊ नका, उजवा पडदा ताणलेला आहे, कधीही सुटू शकतो. आणि ही पोर ताठ पायामुळे दिवसातून तीनदा पडते. दुकानाच्या सगळ्या कोपऱ्यांना मी फोम लावलाय. काउंटरवर गिऱ्हाईक असो, कोणी असो, मागे धप्प झालं की मी हातातलं टाकून पळते. आधी तिचा उजवा डोळा बघते. किती बोटं, सांग. सांग लवकर. ती उत्तर देईपर्यंतच्या क्षणाला मी ती बोलायला लागल्यापासून भिते आहे.

गेल्या आठवड्यात तिनं फ्रॉकच्या बाहीत हात घालता घालता विचारलं, “आई, मले डाव्या डोळ्यानं काहून नाही दिसत?”

मी हट्ट केला, हे मी तिला सांगेन. माझ्या वाट्याचं मी कोणावर ढकलत नाही. पण डॉक्टर, घासाघीस करणं माझा धंदा आहे, तुमचा नव्हता. अमरावतीचा व्यापारी फ्रॉकमागे पाच रुपये सोडत नाही, मी कितीही ओरडले तरी. तुम्ही एका पोरीची नजर सोडून दिलीत, कारण बाहेर रांग होती. ‘नाही नेलं तर आंधळी होईल’ एवढं एकच वाक्य तुम्हाला बोलायचं होतं. ते ऐकून मी सासूला बाजूला सारून त्याच पावली निघाले असते. ते वाक्य तुम्हाला येत होतं. कार्डावर नकार लिहिताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

येत्या सोमवारी मी तिला तुमच्याकडे घेऊन येते आहे. ओरडणार नाही, पेपरवेट उचलणार नाही. बाहेर बसते. ती आत येऊन हाच प्रश्न विचारेल. तिला समजेल अशा भाषेत, तुमच्या तोंडानं, तिला उत्तर द्या.