माग्दाने फेकलेलं पीठ

समोरच्याला एकदाही न विचारता, त्याने आपला अपमान केला असं तुम्ही कधी ठरवलंय का?

आज बुऱ्हाणपुरात आईने बिबड्यांच्या पापडांसाठी भिजवलेल्या ज्वारीचा आंबूस वास आला आणि पोलंडमधलं एम.ए.चं पहिलं वर्ष आठवलं. सोबत राहणाऱ्या माग्दाने माझं डोशाचं आंबवलेलं पीठ फेकून दिलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारावर पत्रक चिकटवलं, ‘आमच्या अन्नाचा अपमान सहन करणार नाही’, आणि घर सोडायला बॅग भरली. संध्याकाळी ती बर्फातून डाळ-तांदूळ घेऊन आली.

“नासलं होतं गं. आजारी पडली असतीस.”

“अगं, ते नासवायचंच असतं.”

“मग शिकव मला.”

मी राहिले. तेव्हा वाटलं, मी तिला माफ केलं. आज कळतं, सांभाळून तिने घेतलं.

तुमच्या गल्लीत बाहेरून शिकायला आलेलं कुणी राहत असेल, तर आज त्यांचं दार वाजवा आणि काय शिजतंय ते विचारा.