टॉर्किल मास्तरांची वंशावळ

आमच्या बेटावर मी तीस वर्षं कबरी खणतो आहे. शेवटच्या जागेवरून माणसं किती हलकी होतात ते मी पुष्कळ पाहिलंय. पण टॉर्किल मास्तरांनी सगळ्यांवर कडी केली.

जन्म इथलाच, पण ग्लासगोच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवून परतले ते वंशावळीची एक वही आणि एक नियम घेऊन. नियम नवा नव्हता. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. आमच्या आज्यांनी तो पाळला, गरज पडली तेव्हा मोडला आणि त्यावर कधी व्याख्यान झोडलं नाही. मास्तर मात्र कॅनडाहून पूर्वज शोधत येणाऱ्यांना नुसत्या नावांवरून आजोबा काढून द्यायचे. एखादं नाव नियमात बसलं नाही की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "इथे काहीतरी काळंबेरं आहे." पाहुणे बिचारे तेही लिहून घ्यायचे.

इथवर चालून गेलं. मग त्यांची नजर मार्सलीवर गेली.

मार्सली त्यांची चुलत बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांची, चार पावलं टाकली की धाप लागायची. दोघांचे आजोबा फिनली, त्यांच्या घराण्याच्या कबरीत एकच जागा उरली होती, मार्सलीच्या वडिलांच्या, इवेनच्या शेजारी. तिला तिथेच निजायचं होतं. बाईनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. पण जागेचा कागद मास्तरांच्या नावावर, आणि त्यांच्या सहीशिवाय मला फावडं लावता येत नाही. मास्तरांना ती जागा स्वतःला हवी होती. तिथून समुद्र छान दिसतो म्हणे. मेल्यावर काय बघणार होते कोण जाणे!

सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून एका गुरुवारी गावच्या सभागृहात, चहाबरोबर स्कोन खात बसलेल्या पन्नास माणसांसमोर त्यांनी भिंतीवर तक्ता टांगला.

"फिनलींचे वडील मर्डो," छडी टेकवत ते म्हणाले. "म्हणजे फिनलींचा पहिला मुलगा मर्डोच असणार. मर्डो कोण? माझे वडील! इवेन दोन वर्षांनी मोठा, पण त्याचं नाव भलतंच. म्हणजे इवेन फिनलींचा नव्हेच. मला वाईट वाटतं, मार्सली, पण नियम म्हणजे नियम."

माझं डोकंच फिरलं. सहा फूट जमिनीसाठी हा माणूस स्वतःच्या मेलेल्या आजीच्या अब्रूला हात घालत होता, आणि वर त्याला वाईटही वाटत होतं!

मार्सलीनं कप खाली ठेवला. "झालं तुझं? अरे, पहिला इवेन म्हणजे आपल्या आजीचा भाऊ. माझे वडील जन्मायच्या आधी तीन आठवडे होडीसकट बुडाला. धक्क्यावरच्या दगडावर तारीख कोरलीय, तू रोज तिथेच पाइप ओढत बसतोस. बुडालेल्याचं नाव आधी द्यायचं, आजोबा थांबतात. मर्डो मग पुढच्या खेपेला आला. इथल्या कोंबड्यांनासुद्धा ठाऊक आहे हे."

"पण नोंदींमध्ये कुठेही..."

"नोंदी राहू देत. तू तुझ्या बापाचा थोरला ना?"

"अर्थात."

"मग तुझं नाव फिनली का नाही रे?"

मास्तरांची छडी तक्त्यावरच राहिली. घर भाड्यानं मिळावं म्हणून त्यांच्या बापानं जमीनदाराच्या कारभाऱ्याचं नाव पोराला दिलं होतं, हे सगळ्या बेटाला माहीत होतं. तेवढंच. पण मास्तरांचाच नियम लावला, तर मास्तरही फिनलींचे नातू ठरत नव्हते, आणि बोट त्या कारभाऱ्याकडे जात होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "इथे काहीतरी काळंबेरं आहे."

सभागृह असं हसलं की बशा वाजल्या. मास्तरांनी तक्ता गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेडवर येऊन, वर न बघता, त्यांनी सही केली.

नोव्हेंबरात मार्सली गेली. आमच्याकडे पेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात. कुणाच्या हाती कुठली दोरी, ते मरणारा माणूस लिहून ठेवतो, आणि डोक्याकडची पहिली दोरी सगळ्यात जवळच्या रक्ताच्या नातलगाची. मी चिठ्ठ्या वाटायला घेतल्या. पहिलीवर तिचं अक्षर होतं: "टॉर्किल. माझ्या सख्ख्या काकांचा मुलगा, फिनलींचा नातू."

मी असतो तर त्याला दोरी सोडाच, फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नसतं. म्हातारीचं काळीज मोठं होतं.

मास्तरांनी दोरी धरली. दोरीबरोबर चिठ्ठीही मुठीत होती. मला दया आली नाही. माती टाकून झाली, माणसं पांगली, तरी ते तिथेच घुटमळत होते.

"ती चिठ्ठी," शेवटी ते हळूच म्हणाले, "मी ठेवून घेऊ का? वहीत लावायला. माझ्याकडे दुसरा काही पुरावा नाही."